घरोटा नसलेल्यांचे गाणे

अमळनेरच्या आमच्या घरात एका लोखंडी पेटीच्या तळाशी दोन वस्तू अजून जपून ठेवलेल्या आहेत. एक म्हणजे आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, पोस्टातून काढलेले रेडिओ लायसन्सचे पुस्तक, ज्याच्या पानापानावर दर वर्षी पैसे भरल्याचे शिक्के आहेत. दुसरी म्हणजे कुंदनलाल सैगल यांची लाखेची एक ध्वनिमुद्रिका, जी पसरट ताटलीसारखी वाकलेली आहे आणि आता कोणत्याच यंत्रावर वाजू शकत नाही. ती वाकली ती माझ्यामुळे. सात-आठ वर्षांचा असताना एका वैशाखात मी ती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, नेली, तिच्यावरच्या बारीक रेघांवरून ऊन कसे सरकते ते पाहत बसलो, खालून हाक आली म्हणून उतरलो आणि तिला विसरून गेलो. खानदेशातले वैशाखाचे ऊन दुपारी पंचेचाळीस अंशांना टेकते, त्यात लाख टिकणे शक्यच नव्हते. आबांनी ती हातात घेतली, तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवले आणि काही न बोलता ती पुन्हा कागदी पाकिटात ठेवली. मी मात्र रडू लागलो, तेव्हा ते आमच्या अहिराणी बोलीत एवढेच म्हणाले, ‘बायासना मायक काय रडी ऱ्हायना?’ म्हणजे, बायांसारखा काय रडतो आहेस?

हे वाक्य आमच्या भागात प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. ज्या माणसाने ते मला ऐकवले, तोच माणूस रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून तलत महमूद ऐकत असे, आणि तलत महमूद यांच्या आवाजात रडण्याच्या अगदी उंबरठ्यावरचे असे काही होते जे अमळनेरच्या एकाही कर्त्या पुरुषाने चारचौघांत दाखवले नसते. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदत होत्या, या प्रश्नाने मला गेली अनेक वर्षे जुन्या गाण्यांकडे पुन्हापुन्हा नेले आहे.

आबा प्रताप मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, होते. १९०६ साली सुरू झालेल्या या गिरणीच्या भोंग्यावर आमच्या गावाची घड्याळे लागत असत. साळखात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालतात, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे फेकला जाताना प्रत्येक साचा ठोका देतो, आणि ते सगळे ठोके मिळून असा गदारोळ होतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ओठांच्या हालचालीवरूनच बोलावे लागते. तिथे वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांचे कान हळूहळू जातात. आबांचेही गेले. चाळिशीनंतर त्यांना हळू बोललेले कळत नसे, आणि तरीही त्यांना आवडणारे गाणे मात्र हळू आवाजाचे होते. रेडिओपाशी बसताना ते आधी आवाज वाढवत आणि मग पेटीच्या लाकडावर तळवा टेकवत. लहानपणी मला ती त्यांची एक सवय वाटत असे. कानांतून जे निसटत होते ते ते हाताने ऐकत होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

असा हळू आवाज मुळात गाण्यात आला कसा, हे पाहिले पाहिजे, कारण त्यात यंत्राचा वाटा मोठा आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गायकाला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागत असे. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. म्हणजे जेवढी ताकद घशात, तेवढेच गाणे तबकडीवर. श्वासाची बारीक थरथर, शब्द उच्चारण्याआधीचा क्षणभराचा अडखळ, स्वर सोडताना त्याला आलेला ओलावा यांतले काहीही त्या कर्ण्यातून आत जात नसे. रंगभूमीची अडचणही हीच होती. संगीत नाटकातल्या नटाला पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायचा होता, आणि आमच्याकडच्या यात्रांमधून, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, तमाशाच्या फडात उभ्या राहणाऱ्या गड्याला तर तो उघड्या माळावर फेकायचा होता. दुःख असले तरी ते खणखणीत असावे लागे. राजा हरिश्चंद्राचा विलापसुद्धा वेशीपर्यंत ऐकू जाईल असाच व्हायचा.

१९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण आले, गायकापुढे मायक्रोफोन आला आणि हे सगळे पालटले. ज्याचा आवाज मोठा नव्हता त्यालाही आता गाता येऊ लागले, आणि ज्याचा मोठा होता त्यालाही तो आवरून गाता येऊ लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गायक हजार माणसांना उद्देशून न गाता एकाच माणसाच्या कानाशी गाऊ शकत होता. अमेरिकेत रुडी व्हॅली, बिंग क्रॉस्बी यांच्यासारख्या गायकांनी हे ओळखले आणि कुजबुजल्यासारखे, जवळ बसून बोलल्यासारखे गाणे रूढ केले. त्यावर टीकाही तिखट झाली. बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ साली या गाण्याचा जाहीर निषेध केला, तो मुख्यतः अशा स्वरात गाणे पुरुषाला शोभत नाही म्हणून. आबांनी मला जे अहिराणीत सांगितले ते त्यांनी इंग्रजीत सांगितले होते, एवढाच फरक.

आपल्याकडे मायक्रोफोनची ही शक्ती सर्वांत आधी पुरेपूर ओळखली ती सैगल यांनी, असे मला वाटते. १९३५ साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेचा हिंदी ‘देवदास’ आला. त्यात सैगल स्वतःच अभिनय करीत होते आणि स्वतःच गात होते. त्यांच्या गाण्यात बोलणे कुठे संपते आणि गाणे कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. शब्द ते ओळीच्या शेवटाकडे नेताना जड करत नाहीत, उलट सैल सोडतात, जणू पुढचे बोलण्याची ताकद उरलेली नाही. त्यांच्या व्यसनाच्या गोष्टी आजही लोक चवीने सांगतात, आणि १९४७ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाल्यामुळे पडद्यावरचा देवदास आणि प्रत्यक्षातला माणूस एकच होते असे मानण्याची रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. ढासळलेल्या माणसाला स्वर इतका अचूक लावता येत नाही. ढासळल्याचा प्रत्यय देणे ही त्यांची कारागिरी होती आणि तिचे श्रेय त्यांच्या बाटलीला देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

योगायोग असा की त्याच १९३५ साली ‘श्यामची आई’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आमच्याच गावात, प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांची आईसारखी देखभाल करीत होते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी हे पुस्तक लिहिले. गुरुजींच्या डोळ्यांना सहज पाणी येत असे आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे. त्यांच्या लेखनाला रडवे म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. तरीही घराघरांत ते पुस्तक वाचताना बापे माणसे गहिवरत होती. एकीकडे कोलकात्याच्या स्टुडिओतला नट-गायक आणि दुसरीकडे खानदेशातला शाळामास्तर. दोघांची एकमेकांशी ओळखही नसेल. पण पुरुषाच्या तोंडून हळवेपण ऐकण्याची लोकांना किती भूक लागली होती, हे त्या एकाच वर्षात दोन्हीकडे उघड झाले.

ही भूक पुरुषांना का होती, याचे उत्तर मला आमच्याच मातीत सापडते. खानदेशातल्या बायांना रडण्यासाठी गाणे होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणत, त्यांत सासरचा जाच असे, भावाची वाट पाहणे असे, आणि हे सगळे मोठ्याने, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे गाण्याची मुभा असे. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला तर रोजचीच मुभा होती. माझ्या आजीचे, मोठ्या मायचे, माहेर भुसावळकडचे असल्याने ती जात्याला घरोटा म्हणत असे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी या घरोट्यालाच उद्देशून म्हटले आहे की तुझ्यातून जसे पीठ पडते तसे माझे गाणे पोटातून ओठी येते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, तरुणपणीच वैधव्य आले होते, आणि त्या दुःखाला त्यांनी जी वाट काढली ती घरकाम आणि शेतकाम करता करता गाण्याचीच होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली.

पुरुषाला यातले काहीच नव्हते. त्याच्यासाठी भजन होते, आमच्याकडचे वहीगायन होते, पोवाडा होता, तमाशा होता, पण हे सगळे चार जणांत, टाळ-ढोलकीच्या साथीने म्हणायचे. एकट्याने स्वतःच्या पोटातले बोलायला त्याच्यापाशी घरोटा नव्हता. तो त्याला रेडिओने दिला, असे मी म्हणेन. स्वतःचे तोंड उघडायची गरज नाही, कुणाला काही सांगायची गरज नाही. पेटीतून दुसराच कुणी पुरुष आपले दुःख सांगतो आहे आणि आपण नुसते ऐकत बसलो आहोत, एवढा आडोसा आबांसारख्या माणसाला पुरेसा होता.

तलत महमूद यांचे महत्त्व इथे आहे. लखनौला १९२४ साली जन्मलेले, तिथल्याच मॅरिस कॉलेजात गाणे शिकलेले तलत १९४४ साली एका गैरफिल्मी गीतामुळे देशभर माहीत झाले. कोलकात्यात त्यांनी तपन कुमार या नावाने बंगाली गाणीही म्हटली. पुढे ते मुंबईत आले तेव्हा त्यांच्या आवाजातल्या कंपाबद्दल कुजबुज सुरू झाली की हा गायक घाबरतो म्हणून त्याचा आवाज थरथरतो. ते बोलणे तलत यांनी इतके मनाला लावून घेतले की ते तो कंप दाबून गाऊ लागले. तेव्हा संगीतकार अनिल विश्वास यांनी, तुझा तो कंप कुठे गेला, मला तोच हवा आहे, असे त्यांना सुनावले, असे सांगतात. १९५० सालच्या ‘आरजू’मध्ये दिलीप कुमार यांच्यासाठी त्यांनी जे गाणे म्हटले त्यात तो कंप जसाच्या तसा आहे, आणि त्या एका गाण्याने चित्रपटसृष्टीत त्यांची जागा पक्की झाली. हेच अनिल विश्वास १९४५ साली ‘पहली नजर’मध्ये मुकेश यांच्याकडून सैगल यांच्या वळणाचे गाणे गाऊन घेतात, हे लक्षात घेतले की आवाजातली उणीव ओळखून तिचा दागिना करण्याची या माणसाची नजर किती पक्की होती ते कळते.

हा कंप नीट ऐकला पाहिजे. त्यात स्वर हलत नाही. तलत यांचा षड्ज, म्हणजे सा, जिथे असायला हवा तिथेच असतो, हलतो तो त्याच्याभोवतीचा श्वास. मी एकदा आबांना विचारले होते की याचा आवाज असा का कापतो. त्यांनी उत्तर दिले ते विणकराचे होते. ताण्याचा धागा सैल असला तर तो लोंबतो, फार ताणला तर तुटतो, आणि बरोबर ताणलेला असला तर बोट लावले की थरथरतो. थरथरणारा धागा चांगला धागा, असे ते म्हणाले. तलत यांच्या आवाजाविषयी मी नंतर पुष्कळ वाचले, पण याहून नेमके काही मला आढळले नाही.

स्त्री गायिकांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळा होता, तेवढे थोडक्यात नोंदवतो. बेगम अख्तर यांचा आवाज वरच्या स्वरावर किंचित फुटत असे आणि त्या फुटण्यासाठी रसिक जीव टाकत. पण बाईने दुःख गावे ही रीतच होती, त्यामुळे त्यात कुणाला धक्का बसला नाही. तिच्या रडण्याची किंमत म्हणूनच कमी धरली गेली, आणि पुरुष तेच करू लागला तेव्हा मात्र ते नवल ठरले, ही गोष्ट मला बोचते.

मराठी भावगीतानेही याच वाटेने प्रवास केला. गोविंदराव जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायली आणि मग गजाननराव वाटव्यांनी कवी अनिल यांच्यासारख्यांच्या कविता घेऊन एकट्याने, स्वतःच पेटी वाजवत, कवितेचा शब्दन्शब्द सांभाळत गाण्याची पद्धत रुजवली. पण आमच्या घरात त्या तबकड्या नव्हत्या, म्हणून त्यांच्याविषयी मी अधिकाराने बोलू नये.

अलीकडे मी जॉनी रे या अमेरिकन गायकाचे १९५१ सालचे, रडण्याविषयीचेच असलेले गाणे ऐकले. लहानपणीच्या एका अपघातानंतर त्याच्या एका कानाने ऐकणे जवळजवळ संपले होते आणि तो श्रवणयंत्र लावूनच रंगमंचावर उभा राहत असे. तो शब्दांचे तुकडे पाडतो, अक्षर ओढत नेतो, हुंदका देतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात तो गुडघ्यांवर कोसळत असे आणि खरोखर रडत असे. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली आणि लोकांनी त्याच्या लाखो तबकड्या विकत घेतल्या. पहिल्यांदा ऐकताना मला ते अती वाटले, कारण माझा कान तलत यांच्या आवरण्यावर घडलेला आहे. दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा वाटले की ज्याला स्वतःचा आवाजच पुरता ऐकू येत नाही, तो आपला आवाज पोहोचला की नाही याची खात्री करायला एवढे सगळे पणाला लावणारच. तरीही माझा कौल तलत यांनाच आहे. अश्रू पुसून गाणाऱ्यापेक्षा किंवा अश्रू ढाळत गाणाऱ्यापेक्षा, अश्रू येणार आहेत हे ठाऊक असूनही ओळ पूर्ण करणाऱ्याचे गाणे माझ्या अधिक आत जाते. १९५९ सालच्या ‘सुजाता’मध्ये सचिन देव बर्मन यांनी तलत यांच्याकडून जे गाणे गाऊन घेतले, ते पडद्यावर नायक टेलिफोनमधून गातो आणि नायिका रिसीव्हर कानाला लावून एकटीच ऐकत उभी असते. मायक्रोफोनने गाण्याला जे दिले ते यापेक्षा स्पष्ट कुणी दाखवले असेल असे मला वाटत नाही.

१९६० नंतर गाणी उडती झाली, वाद्ये वाढली, नायक डोंगरावरून धावू लागले आणि त्या धावण्यात हा कंप मागे पडला. रेडिओ सिलोनवर मात्र जुन्या गाण्यांचा सकाळचा कार्यक्रम कित्येक वर्षे आठच्या ठोक्याआधी सैगल यांच्या गाण्याने संपत राहिला. आबा दिवसपाळीला असले तर ते त्यांना ऐकायला मिळत नसे. रातपाळी असली की मात्र घरी आल्यावर, डोळ्यांवर झोप असूनही, ते तेवढ्यासाठी जागे राहत. एकदा मी का म्हणून विचारले तेव्हा म्हणाले, ‘हाई गानं आयकं का मना जीव हलका व्हस.’ त्यांच्या तोंडून स्वतःच्या जिवाविषयी मी ऐकलेले हे एकमेव वाक्य.

ते वाक्य कुठून आले हे मला आत्याने सांगितले, आबा गेल्यानंतर. आत्याच्या पाठचा एक भाऊ होता, चौथ्या वर्षी तापाने गेला. तो रेडिओ घरात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. आबांनी मुलाला स्वतःच्या हातांनी नेले, तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाले आणि घरात त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. मोठी माय मात्र महिनोन्महिने घरोट्यावर त्या पोराचे नाव घेऊन गात असे, आणि आबा ते ऐकत ओसरीवर बसून राहत. त्यांचे कान जायला तेव्हाच सुरुवात झाली होती, आणि घरात घरोटा फिरत असला तर रेडिओवरचे हळू गाणे त्यांना मुळीच लागत नसे. आत्या म्हणाली की संध्याकाळी भरडायला बसलेली असताना तलतचे गाणे लागले की मोठी माय खुंट्यावरचा हात थांबवायची. पाळ तसाच, दाणे तसेच, आणि ती भिंतीकडे तोंड करून तीन मिनिटे गप्प बसायची. बाहेर गाणे संपले आणि निवेदकाचा आवाज सुरू झाला की मग घरोटा पुन्हा फिरू लागायचा.